डोलकाठीवरचे डॉक्टर

दोर हातातून सुटला तेव्हा डॉक्टरांना वाटलं, काही फारसं बिघडलेलं नाही. सुटलेली वस्तू खाली पडते आणि खाली पडलेली वस्तू वाकून उचलता येते, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता. पण शिडाचा दोर ही उलट्या काळजाची जात आहे. तो सुटला की वर जातो. डॉक्टरांनी दोराच्या टोकाची कडी शिडातून सोडवायला आणि मेव्हण्याने दुसऱ्या टोकाला ‘जरा ताणून ठेवू’ म्हणून ओढायला एकच गाठ पडली. कडी सर्रकन वर गेली आणि डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीत जाऊन घट्ट बसली. दोघेही माना वर करून बघत राहिले. डोलकाठी तीन मजली घराएवढी उंच होती.

“तुम्ही सोडलात, भाऊजी,” मेव्हणा म्हणाला.

“तू ओढलास.”

“ओढणं ही पुढची गोष्ट. आधी सुटला, मग ओढला गेला.”

मेव्हणा विम्याचा एजंट होता. अपघातात चूक नेहमी समोरच्याची असते हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. होडी दोघांच्या मालकीची होती, अर्धी याची, अर्धी त्याची. कोणती अर्धी कोणाची हे कधी ठरलं नव्हतं. पण जो भाग बिघडायचा तो हटकून डॉक्टरांचा निघायचा.

एरवी हे प्रकरण त्यांनी महिनाभर सहज पुढे ढकललं असतं. डॉक्टर दातांचे होते, आणि पुढे ढकललेल्या गोष्टींचं काय होतं हे रोज बघूनही स्वतःच्या बाबतीत पुढे ढकलणारे होते. अडचण होती ती येत्या रविवारची. त्या दिवशी सासरेबुवा होडीत बसणार होते.

सासरेबुवा म्हणजे पुलांची तपासणी करून निवृत्त झालेले इंजिनीअर. अमुक एक गोष्ट टिकेल, असं त्यांनी आयुष्यात कशाबद्दलही म्हटलं नव्हतं. लेकीच्या लग्नात जावयाकडे पाहूनही ते “बघू” एवढंच म्हणाले होते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. त्याआधी एकदा पाण्यावर जाऊन यावं, असं त्यांच्या मनात आलं होतं आणि ते त्यांनी चक्क बोलूनही दाखवलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी जावयाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. दाढ दुखली तरी ते दुसऱ्या डॉक्टरकडे जायचे. अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. यांना तर साधी दाढसुद्धा अवघड जागा वाटायची.

तेव्हा कडी खाली आणणं भाग होतं.

शेजारच्या होडीत वकील राहत. राहत म्हणजे रोज संध्याकाळी येऊन पितळी कड्या पुसत. त्यांची होडी धक्क्यावरून हललेली कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांचं समुद्रावरचं ज्ञान जराही झिजलेलं नव्हतं. ते म्हणाले, “वर चढायची गरजच काय? होडीच आडवी करा. शेंडा धक्क्यावर टेकवायचा, कडी काढायची, पुन्हा उभी करायची.”

“आडवी कशी करायची?”

“ते तुमचं तुम्ही बघा. मी तत्त्व सांगितलं.”

मेव्हण्याने लांब बांबूला आकडा बांधून आणला. हा उपाय डॉक्टरांना पटला, कारण त्यात सगळे जमिनीवर राहत होते. बांबू पुरला नाही म्हणून त्याला दुसरा बांबू जोडला. दोघांनी मिळून तो उभा केला, तो एखाद्या म्हाताऱ्यासारखा थरथरला आणि वरून वकिलांच्या दिशेने झुकला. वकील चपळाईने खाली बसले. मग बांबू डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांमध्ये अडकला आणि तिथेच राहिला. आता वर दोन गोष्टी होत्या.

घरी हे सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. पण डॉक्टर जेवायला बसले आणि पहिल्या घासालाच बायकोने विचारलं, “काय अडकलंय?”

बायको कॉलेजात असताना कडे चढायची. लग्नानंतर तिची चढाई स्टुलावर उभं राहून माळ्यावरचे डबे काढण्यापुरती उरली होती. पण दोर, पट्टे आणि कड्या तिने एका पेटीत नीट ठेवल्या होत्या. सगळं ऐकून ती शांतपणे म्हणाली, “मी चढते. अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही खालून दोर ओढायची चरखी फिरवा.”

इथे खरं तर गोष्ट संपायला हरकत नव्हती. बायको वजनाने हलकी, सवयीची आणि निर्भय. डॉक्टर वजनदार, बिनसवयीचे, आणि गच्चीच्या कठड्यापासून चार हात लांब उभं राहून सूर्यास्त बघणारे. सगळी अक्कल एका बाजूला होती. पण डॉक्टरांना डोळ्यांसमोर दिसलं, की बायको वर चढली आहे आणि सासरे धक्क्यावरून आधी तिच्याकडे, मग खाली चरखीशी वाकलेल्या आपल्याकडे बघताहेत. नुसते बघताहेत.

“दोर माझ्या हातून सुटलाय,” ते म्हणाले. “मीच चढणार.”

बायकोने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. तिला काय कळलं ते तिने सांगितलं नाही. “ठीक आहे,” ती म्हणाली. “पण मी सांगेन तसं. आणि आधी सराव.”

सराव जिन्यात झाला. इमारतीच्या जिन्यावर, अगदी वर, जड सामान ओढून घ्यायला लोखंडी तुळई होती. बायकोने तिला दोन दोर बांधले. एक बसायच्या खुर्चीचा आणि दुसरा अंगावरच्या पट्ट्याचा. “एका दोरावर कधीच जायचं नाही,” ती म्हणाली. “एक वर नेतो, दुसरा जीव राखतो. दोन्ही वेगवेगळे, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांच्या हातात.” खुर्ची म्हणजे जाड कापडाची झोळीच होती. तिच्यात बसल्यावर डॉक्टरांचे पाय असे लोंबले, की त्यांना आपण कोणीतरी विसरून गेलेला धुतलेला पायजमा आहोत असं वाटलं.

“अंग सैल सोडा,” बायको म्हणाली.

हे वाक्य ते स्वतः दिवसातून वीस वेळा म्हणत असत. ते किती निरुपयोगी आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं.

कप्प्या लावून बायको आणि मेव्हण्याने त्यांना दुसऱ्या मजल्याच्या वर नेलं. तिथे एका कप्पीत दोर आडवा गेला आणि सगळं थांबलं. दोन्ही दोर कठड्याला पक्के बांधून दोघं तो सोडवायला वर गेली. डॉक्टर दोन मजल्यांच्या मध्ये, भिंतीकडे तोंड करून, हळूहळू स्वतःभोवती फिरत राहिले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका भाजीची पिशवी घेऊन आल्या. जिना चढता चढता त्यांची आणि डॉक्टरांची उंची एक झाली. डॉक्टर तेव्हा नेमके त्यांच्याकडे वळत होते.

“नमस्कार,” डॉक्टर म्हणाले.

“नमस्कार. संध्याकाळी दवाखाना आहे ना?”

“आहे.”

“मग येते कवळी घेऊन. जरा सैल झालीय.”

आणि त्या गेल्या. डॉक्टरांना लागलं ते हेच. त्या हसल्या असत्या, किंचाळल्या असत्या, निदान ‘हे काय?’ असं तरी विचारलं असतं, तर बरं वाटलं असतं. म्हणजे या बाईंच्या मते आपण जिन्यात टांगलेले असणं शक्यतेतलं होतं तर.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं, ‘रहिवाशांनी पुढील सूचना मिळेपर्यंत जिन्यात लटकू नये.’ खाली कोणाचं नाव नव्हतं. पण लटकणारे दुसरे कोणी नव्हते.

रविवारी वारा जवळजवळ नव्हता. पाणी ताटात वाढल्यासारखं शांत होतं. सासरेबुवा काठी टेकत आले आणि धक्क्यावर घडीच्या खुर्चीत बसले. बायकोने त्यांना बजावलं, “बाबा, तुम्ही नुसतं बसायचं. कशाला हात लावायचा नाही.” काठीच्या टोकाने त्यांनी झोळीच्या खुर्चीच्या दोराची गाठ दाखवली.

“ही कोणी बांधली?”

“मी,” बायको म्हणाली.

“बरं. आणि ती?”

“मी,” मेव्हणा म्हणाला.

सासरेबुवांनी पोटच्या पोराकडे पाहिलं आणि आपली खुर्ची हातभर मागे सरकवली. बायकोने मुकाट्याने ती गाठ सोडून पुन्हा बांधली.

मोठ्या शिडाचा दोर वर अडकलेला असल्याने डोलकाठीवर आता दोनच दोर चालू होते. पुढच्या शिडाचा झोळीच्या खुर्चीला लावला होता. शिडाखालचा आडवा दांडा तोलून धरणारा दुसरा, तो पट्ट्याला. कड्यांवर भरवसा न ठेवता दोन्ही ठिकाणी गाठीच मारल्या होत्या. हत्यारं पिशवीत टाकून प्रत्येक हत्याराला दोरी बांधली, म्हणजे हातातून निसटलं तरी कोणाच्या डोक्यावर पडायला नको. डोलकाठीखाली कोणी उभं राहायचं नाही. आणि शब्द फक्त तीन वापरायचे: वर, थांब, खाली. “बाकी गप्पा खाली आल्यावर,” बायको म्हणाली. मग डॉक्टरांना होडीच्या फळ्यांपासून वीतभर उचलून तिने त्यांना खुर्चीत चांगले हिसके द्यायला लावले. गाठी आवळल्या, दोर करकरले, पण सगळं जागच्या जागी राहिलं. चरखी तिने स्वतः घेतली. पट्ट्याचा दोर मेव्हण्याकडे.

“जावईबापू,” धक्क्यावरून सासरे म्हणाले, “अजून वेळ आहे. तिला चढू द्या.”

“वर,” डॉक्टर म्हणाले.

पहिली काही हात उंची बरी गेली. मग डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांना वाटायचं, उंचावरून सगळं लहान दिसतं म्हणून भीती वाटते. तसं नव्हतं. सगळं स्पष्ट दिसत होतं. वकिलांचं टक्कल, सासऱ्यांची काठी, चरखीवरचे बायकोचे हात. आपण नसलो तर हे सगळं असंच चालू राहील इतकं ते नीटनेटकं होतं. त्यांनी डोलकाठीला मिठी मारली. अशी मिठी त्यांनी आयुष्यात कोणालाच मारली नव्हती.

अर्ध्या वाटेत बांबू भेटला. डॉक्टरांनी तो दोरीने बांधून खाली सोडला तेव्हा मेव्हण्याला हायसं वाटलं. बांबू त्याचा होता हे त्या वेळेपुरतं सगळे विसरले होते. मग दूरवरून एक मोटरबोट गेली. तिच्या लाटेने खाली होडी बोटभर हलली असेल. वर शेंड्यापाशी तेवढ्याचा हातभर झोका झाला. डॉक्टरांनी डोळे मिटले. “थांब” म्हणायचं होतं, पण तीन शब्दांतला एकही आठवेना. बायकोने न सांगता चरखी थांबवली, झोका संपेपर्यंत वाट पाहिली, आणि तेही न सांगता पुन्हा सुरू केली.

वर पोचल्यावर एक चमत्कारिक गोष्ट झाली. कडी कप्पीच्या खाचेत तिरकी घुसली होती. पक्कड आत जाईना. डॉक्टरांनी मान वाकवून पाहिलं. अंधारी फट, आत अडकलेली वस्तू, पोचायला अवघड कोन. ही तर शेवटची दाढ. त्यांनी डोलकाठीची मिठी सोडली. त्यांनी पिशवीतून दवाखान्यातला बारीक आकडा काढला, तो कडीच्या कानात अडकवला, दुसऱ्या हाताने दोर सैल केला, आणि पेशंटशी बोलावं तसं पुटपुटत कडी हळूहळू बाहेर आणली. कडी पट्ट्याला अडकवून त्यांनी खाली पाहिलं. या वेळी भीती वाटली नाही. खालून सगळे वर बघत होते. “खाली,” त्यांनी रुबाबात हुकूम सोडला.

चरखी हलली नाही. धक्क्यावर बंदर खात्याचे साहेब उभे होते.

“काम थांबवा,” साहेब म्हणाले. “इतक्या उंचीवर माणूस चढवायला परवानगी लागते. चरखी बंद.”

“काम झालं आहे,” बायको म्हणाली. “फक्त खाली आणतेय.”

“चरखी चालवायची नाही असं मी म्हटलं.”

“मग त्यांना वरच ठेवायचं?”

“तसं मी म्हटलेलं नाही. मी फक्त चरखीबद्दल बोललो. ऑफिसातून उत्तर येईपर्यंत परिस्थिती आहे तशी राहील.”

परिस्थिती वर लोंबत होती. तिच्या मांड्यांना मुंग्या यायला लागल्या होत्या.

आता वकील मदतीला धावले, आणि ती सगळ्यांत वाईट गोष्ट झाली. त्यांनी मुद्दा काढला, की नियम माणूस चढवण्याबद्दल आहे, उतरवण्याबद्दल नाही. साहेब म्हणाले, उतरवायला चरखी लागते आणि चरखीला चढवण्याचाच नियम लागतो. वकील म्हणाले, मग डॉक्टरांना माणूस न मानता सामान मानावं, कारण सामान उतरवायला परवानगी लागत नाही. साहेबांनी मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं आणि ते सामानात बसतात का याचा मनापासून विचार केला. एव्हाना आजूबाजूच्या होड्यांतली माणसं जमली होती. ‘विम्यात हे बसत नाही’ असं सांगायला मेव्हण्याची तिथे अतिशय गरज होती. निदान त्याला तसं वाटलं. त्याने पट्ट्याचा दोर खुंट्याला गुंडाळला, वर गाठ मारली आणि तो धक्क्यावर उडी मारून वादात शिरला.

बायकोने चरखी सोडली नाही. ती एकटीच होडीत राहिली होती. डॉक्टरांना वरून दिसलं, की सासरेबुवा खुर्चीतून उठले. वाद घालणाऱ्यांना वळसा घालून ते होडीपाशी आले. काठी आधी आत टाकली. मग दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून काठावरून आत घेतला. बायको काहीतरी बोलली, त्यांनी मान हलवली. मेव्हण्याची गाठ असलेल्या खुंट्यापाशी ते फळीवर बसले, दोर मुठींत घेतला आणि वर बघत राहिले.

डॉक्टरांचे पाय आता त्यांचे राहिले नव्हते. बायको खालून सांगत होती, गुडघे वर घ्या, सोडा, पुन्हा घ्या, पाय हलते ठेवा. तसं करता करता त्यांचं लक्ष साहेबांकडे गेलं. साहेब बोलताना दर वाक्याला डाव्या गालावर तळवा टेकवत होते. शब्दही उजव्या बाजूने बाहेर येत होते.

“साहेब,” डॉक्टरांनी वरून हाक मारली, “रात्री झोप लागते का?”

धक्क्यावरचा वाद तिथेच तुटला.

“तुम्हाला काय करायचंय?” साहेब म्हणाले.

“थंड पाणी लागतं?”

साहेबांचा तळवा पुन्हा गालावर गेला. “गरमही लागतं,” ते हळू आवाजात म्हणाले.

“आडवं पडलं की ठणका वाढतो?”

“पंधरा दिवस बसून झोपतोय.” साहेबांचा आवाज एकदम घरगुती झाला. “गोळीने तेवढ्यापुरतं थांबतं.”

“बघू. आ करा.”

साहेबांनी आभाळाकडे तोंड करून आ केला. जमलेली माणसंही आळीपाळीने वाकून आत बघू लागली. वकिलांनी बरंच काही दिसल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “इतक्या उंचीवरून नाही दिसत. सुजलं असलं तर असं ठेवणं बरं नाही. जवळून बघावं लागेल.”

“किती जवळून?”

“हातभर.”

साहेबांनी डोलकाठीकडे पाहिलं. आपण वर जाण्याचा विचारही त्यांच्या मनात क्षणभर येऊन गेला असावा, कारण ते एक पाऊल मागे सरकले. मग खाकरून म्हणाले, “वैद्यकीय कारणासाठी चरखी चालवता येते. तसा नियम आहे.” तो तेव्हाच तयार झाला असावा, पण वकिलांनीसुद्धा हरकत घेतली नाही.

खाली येताना मात्र घाई झाली नाही. बायको चरखीवरचा दोर हळूहळू सोडत होती आणि तिच्या बरोबरीने सासरेबुवा, गाठ उकलून, पट्ट्याचा. मेव्हणा धावत आला, “बाबा, द्या इकडे.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर वर, दोर मुठीतून मुठीत. डॉक्टर उतरत राहिले. त्यांचे बूट फळ्यांना लागले तेव्हा पायांना ते कळलं नाही, डॉक्टर सरळ खाली बसले. बायको त्यांच्या पाठीशी येऊन बसली आणि पट्टे सोडवायला लागली. तिने कपाळ एकदा त्यांच्या खांद्याला टेकवलं आणि लगेच काढून घेतलं.

“कडी आणली,” डॉक्टर म्हणाले.

“दिसली,” ती म्हणाली.

साहेब होडीत उतरून समोरच्या फळीवर बसले होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. डॉक्टर उठून त्यांच्याकडे निघाले. वाटेत ते थांबले.

“बाबा, सोडा आता दोर.”

“सोडलाय,” सासरेबुवा म्हणाले.

दोर सुटला नव्हता. मुठी मिटलेल्याच होत्या, बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती उघडायला ते मघापासून धडपडत होते आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पाण्याकडे बघत होते. डॉक्टर त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले.

“साहेब,” ते वळून न बघता म्हणाले, “जरा थांबावं लागेल. आधीचा पेशंट आहे.”

साहेबांनी तोंड उघडं ठेवूनच मान डोलावली. डॉक्टरांनी उजवी मूठ हातात घेतली, आधी नुसती धरून ठेवली, ऊब येऊ दिली. मग करंगळीपासून एकेक बोट सोडवायला सुरुवात केली. तळव्यावर दोराचा पीळ लालभडक उमटला होता. सासरेबुवांनी हात मागे घेतला नाही.

“गाठ बरी होती,” ते म्हणाले. “मी आपला उगाच धरून बसलो.”

“हो ना,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी दुसरा हात मागितला.